कपाळाची हद्द

जगातल्या सगळ्या सरहद्दी माणसांनी आखल्या, म्हणून त्यांवरून भांडणं झाली. एकच हद्द निसर्गाने स्वतःच्या हाताने आखली: कपाळ कुठे संपतं आणि डोकं कुठे सुरू होतं, ती. तिच्यावर पहारा नाही, कुंपण नाही, काटेरी तार नाही. नुसते केस आहेत. तरीही आजवर तिच्याविषयी कुणी शंका घेतलेली नाही.

चाळिशीनंतर पुरुषांच्या बाबतीत ही हद्द मागे सरकू लागते आणि काहींच्या बाबतीत थेट मानेपर्यंत जाते. निसर्गाने याबद्दल कुणाला लेखी कळवलेलं नाही.

सेंटीमीटरबाईंना ही गोष्ट एका सोमवारी सकाळी अकरा वाजता ऑडिटच्या कागदावर समजली.

सेंटीमीटरबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी ठेवलं होतं आणि बाईंच्या पाठीमागे, म्हणजे हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, सर्रास चालायचं. बाई बसायच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडे धुण्याची खोली, उजवीकडे मोडक्या स्ट्रेचरांची, आणि दोन्हींच्या पलीकडे कोडिंग. तिथे अकरा जण अकरा पडद्यांसमोर बसून एकच काम करायचे. खाली डॉक्टरांनी जे काही केलं असेल, त्याचा आकडा करायचा. पाय मोडला, आकडा. पोट दुखलं, आकडा. कुणी नाकात मणी घालून घेतला, तर मण्याचा वेगळा आणि तो काढल्याचा वेगळा. ज्याचा आकडा पडला नाही ते घडलंच नाही, असा तिथला नियम होता. मग पेशंटने आरशात काहीही पाहो.

बाईंच्या वाट्याला शिवलेल्या जखमा आल्या होत्या. जखम शिवली की तिला तीन प्रश्न: किती लांब, किती खोल आणि कुठे. अडीच सेंटीमीटरपर्यंत एक कोड, त्याच्यापुढे मिलिमीटरभर सरकली की दुसरा. आता समोर रक्त वाहत असताना डॉक्टरला मिलिमीटर सुचत नाहीत. तो लिहितो, ‘छोटी जखम’. किंवा ‘बरीच मोठी जखम’. एकाने एकदा ‘पेरभर’ असं लिहिलं. बाईंनी तो कागद लाल शाईने एकच प्रश्न विचारून परत खाली धाडला: ‘कुणाचं पेर?’ तेव्हापासून कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक टेबलाला दोरीने बांधलेली मोजपट्टी आली आणि बाईंना ते नाव आलं. बाईंना ते ठाऊक होतं. रागही नव्हता. माणसाची ओळख अचूकपणावरून होत असेल तर त्यात रागावण्यासारखं काय आहे, असं त्यांचं मत होतं.

तेरा वर्षांत त्यांनी चौदा हजार जखमांना कोड दिले होते. पाहिली मात्र एकही नव्हती. रक्त दिसलं की त्यांना घेरी यायची.

दर वर्षी ऑडिट व्हायचं. तपासनीस प्रत्येकाचे तीस केसपेपर काढून ते नव्याने तपासायचे. पंच्याण्णव टक्के बरोबर असले की झालं. म्हणजे तीसमध्ये एक चूक माफ. दुसरी चूक निघाली की माणूस पंच्याण्णवच्या खाली, आणि खाली गेलेल्याला वर्ग. सहा आठवडे, रोज तीन ते पाच, नवशिक्यांच्या मांडीला मांडी लावून सगळं पहिल्यापासून शिकायचं.

वर्गाला बाई भीत नव्हत्या. वर्ग जी घेत होती तिला भीत होत्या. वर्ग घेत होती त्यांची धाकटी जाऊ.

चार वर्षांपूर्वी ‘ताई, घरी बसून मी गंजून चाललेय हो’ असं म्हणाली म्हणून बाईंनीच तिला इथे चिकटवलं होतं. दोन्ही भावांची बिऱ्हाडं एकाच इमारतीत, थोरलं खाली, धाकटं वर. बाईंनी भाजी चिरता चिरता तिला कोडांचे गट शिकवले, आणि एकदा सुरीने तिचं बोट कापलं तेव्हा बाईंच्या तोंडून आधी ‘किती सेंटीमीटर?’ निघालं आणि मग ‘अगं बाई!’ धाकटी हुशार निघाली. इतकंच झालं असतं तरी चाललं असतं, पण तिचा आवाजही गोड होता आणि कुणी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी तिचं डोकं फिरत नसे. बाईंचं पहिल्यांदाच फिरायचं. त्यामुळे शिकवायची जागा निघाली तेव्हा ती धाकटीला मिळाली, आणि बाईंनी सगळ्यांसमोर तिचं तोंडभरून कौतुक केलं. ते करताना त्यांना काय वाटलं याला कोड नाही.

तर त्या सोमवारी बाईंच्या कागदावर दोन चुका होत्या. पहिली बाईंना मान्य होती. त्यांनी डाव्या अंगठ्याला उजवा म्हटलं होतं. दुसरी वाचून त्या उठल्या आणि तडक तपासनीसांच्या खोलीत गेल्या.

तपासनीस म्हणजे हळू बोलणारे, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखे गृहस्थ. अठरा वर्षं तपासणीत. त्यांचे केस दाट होते आणि भुवयांपासून दोन बोटांवरच सुरू व्हायचे. त्यामुळे त्यांना स्वतःला कपाळ असं जवळजवळ नव्हतंच. त्यांनी केसपेपर बाईंकडे फिरवला. त्यावर लिहिलं होतं: ‘पुरुष, वय अडुसष्ट. पूर्ण टक्कल. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या उघड्या दारावर आपटले. समोर, वरच्या बाजूस, आडवी जखम, तीन सेंटीमीटर. धुतली. कडा जुळवून बंद केली. गुरुवारी दाखवणे.’

“तुम्ही डोक्याचा कोड दिलात,” तपासनीस म्हणाले. “समोर, वरच्या बाजूस. म्हणजे कपाळ. कपाळ म्हणजे चेहरा.”

हा फरक किरकोळ नव्हता. पुस्तकाने माणसाचे दोन मोठे गट केले आहेत. एका गटात चेहरा, म्हणजे नाक, कान, पापण्या, ओठ असा मानाचा ऐवज. दुसऱ्या गटात उरलेला माणूस: डोकं, मान, काखा, धड, हात, पाय. पुस्तकाच्या दृष्टीने डोकं आणि तळपाय सारखेच. तेरा वर्षांत बाईंना यात वावगं काही दिसलं नव्हतं.

“साहेब, समोर म्हणजे डोक्याच्या समोर. केसांच्या रेषेच्या वर गेलं की डोकं. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. आता रेषा दाखवा. पेशंटला केस नाहीत.”

“केस नसले म्हणून रेषा नाहीशी होते का?”

“केसांची रेषा केसांवाचून कशी असेल, मॅडम?”

“मग काय कपाळ मानेपर्यंत मानायचं?”

“मी तसं म्हणत नाही. पण तसं मानू नये, असंही पुस्तकात कुठे नाही.”

“अहो, माणसाचे केस गेले म्हणून त्याचं डोकंच जातं का?”

“व्यक्तिगत नको,” तपासनीस म्हणाले. यात व्यक्तिगत काय होतं ते बाईंना कळलं नाही. “गुरुवारी पाचपर्यंत तुम्ही दाद मागू शकता. डॉक्टरांचा लेखी खुलासा लागेल. आणि जर काही मोजमाप होणार असेल, तर ते माझ्यासमोर.”

बाई खाली कॅज्युअल्टीत गेल्या. केसपेपरवरची सही एका तरुण डॉक्टरची होती. तो औषधांच्या कपाटाला टेकून उभ्या उभ्या बिस्किटं खात होता. बाईंना पाहताच त्याने सवयीने मोजपट्टीकडे हात नेला.

“लांबी लिहिलीय मी, मॅडम. शपथ घेऊन सांगतो.”

“लांबीचं नाही. कपाळ की डोकं?”

त्याने केसपेपर वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. “मॅडम, त्या दिवशी मी चाळीस माणसं बघितली. हे टक्कल आठवतंय. फार सुंदर टक्कल होतं. पण टकलावर नेमकं कुठे, ते काही डोळ्यांसमोर येत नाही.”

“मग आता काय करायचं?”

“सोपं आहे. भुवया वर करायला सांगा.” त्याने स्वतःच्या करून दाखवल्या. “कपाळाखाली स्नायू असतो, त्याने आठ्या पडतात. सगळ्यात वरची आठी जिथे पडते, तिथे कपाळ खलास. केस असोत की नसोत. गुरुवारी येतीलच ते. आठीच्या वर निघाली तर डोकं, खाली निघाली तर कपाळ. मी सही करून देतो.”

बाईंना तो मुलगा एकदम कर्तबगार वाटू लागला. ज्या जगात टक्कल पडलेल्या माणसालाही हद्द आहे, त्या जगाविषयी त्यांचं मत सुधारलं.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी या शास्त्राची घरी परीक्षा घेतली. नवऱ्याचे केस समोरून बरेच गेलेले होते. तो वर्तमानपत्र वाचत बसला होता. बाई मोजपट्टी घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, मी नोकरी सोडली.”

नवऱ्याच्या भुवया वर गेल्या. बाईंनी पट्टी लावली. “हलू नका. साडेसहा.”

“काय साडेसहा? नोकरी का सोडलीस?”

“नाही सोडली. खाली करा आता.”

भुवया पुरत्या खाली यायच्या आत दाराची घंटा वाजली आणि धाकटी आत आली. हातात एक वही, चेहऱ्यावर काळजी. चांगल्या घरातली काळजी असते तशी, नीट घडी घातलेली.

“ताई, ऑफिसात ऐकलं हो. मला मेलीला इतकं वाईट वाटलं.”

“अजून काही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“नाहीच होणार. पण यादी करायची असते ना, म्हणून आपलं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. पहिल्या बाकावर, खिडकीपाशी. तुम्हाला उकडतं ना.” तिने वही उघडून जागा दाखवली. “आणि ताई, पहिला आठवडा अगदी सोपा असतो. सेंटीमीटर म्हणजे काय, वगैरे.”

नवऱ्याने वर्तमानपत्राआडून म्हटलं, “बरंय की. घरचीच मास्तरीण. डबाही एकच न्या.”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने वर्तमानपत्र वर धरलं आणि त्याचं कपाळ, डोकं आणि मधली वादग्रस्त पट्टी, सगळं दिसेनासं झालं. धाकटी गेल्यावर बाई बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. ओटा स्वच्छच होता. हिला मी गट शिकवले, त्या मनात म्हणत होत्या. काख कुठल्या गटात हे हिला आठ दिवस लक्षात राहत नव्हतं. आणि आता हिच्यासमोर हात वर करून मी विचारायचं, ‘मॅडम, बाहेर जाऊ का?’

गुरुवारी दुपारी चार वाजता पेशंट आला.

ड्रेसिंगच्या खोलीत एक उंच टेबल, एक स्टूल, एक हलता दिवा आणि पांढरा पडदा होता. तपासनीस वही घेऊन भिंतीपाशी उभे होते. डॉक्टर शेजारच्या खोलीत एका मुलीच्या कानातून काहीतरी काढत होता. मुलीचा आवाज ऐकून त्याला वेळ लागणार हे उघड होतं. पेशंट टेबलावर ताठ बसला होता, बायको त्याची टोपी मांडीवर घेऊन स्टुलावर. डॉक्टरने टक्कल सुंदर म्हटलं होतं त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्याच्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि प्रतिबिंबाच्या जरा खाली एक बारीक गुलाबी रेघ होती.

बाईंनी धीर करून पाहिलं. घेरी आली नाही. जखम म्हणजे एवढीच असते तर, त्यांना वाटलं. चौदा हजार वेळा त्यांनी उगाच भलतंसलतं डोळ्यांसमोर आणलं होतं.

“काका,” त्या म्हणाल्या, “जरा भुवया वर करा.”

काकांनी हनुवटी वर केली.

“हनुवटी नको. भुवया.”

काकांनी तोंड उघडलं. मग डोळे मिटले. मग चेहऱ्याच्या कुठल्यातरी अंतर्भागात खूप मोठा प्रयत्न झाला आणि त्यांचे दोन्ही कान मागे गेले.

“कान हलले,” तपासनीसांनी वहीत लिहिलं.

“नाही व्हायचं ते,” बायको म्हणाली. “ह्यांच्या भुवया हलत नाहीत. चौतीस वर्षं बसस्टँडवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर होते ना. तिथेच बसल्या त्या.”

“अहो काकू, आश्चर्य वाटलं की होतात ना वर?”

“आश्चर्य?” काकूंनी टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. “आम्हाला जुळं झालं तेव्हा नर्स सांगायला बाहेर आली. हे म्हणाले, ‘बरं. दोन पावत्या कराव्या लागतील.’”

“बाईंना काय सांगतेस ते,” काका म्हणाले. आवाजात चढउतार असा नव्हताच. “माणसं काय विसरतात ते बघितलं की उरत नाही काही. काचेचा डोळा यायचा. तीनदा आला. तोच माणूस. एकदा जिवंत मासा आला, बादलीत. मालक आला तो बादलीच न्यायला. एकदा नवरीचा पोशाख.”

“त्यात काय एवढं?” तपासनीस म्हणाले.

“आत नवरी होती. झोपलेली.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. त्यांनी तपासनीसांना खूण केली. तपासनीस नियमाचे पक्के होते, पण सत्याचेही होते; ते हळूच टेबलामागे गेले आणि त्यांनी काकांच्या कानाशी जोरात टाळी वाजवली.

काकांनी मानसुद्धा वळवली नाही. “काय हरवलंय तुमचं?” ते म्हणाले.

मग काकूंनी मनावर घेतलं. त्या स्टूल पुढे ओढून म्हणाल्या, “अहो, तुमच्या धाकट्या भावाचा फोन आला होता. राहायला येतोय. महिनाभर. कुत्रं घेऊन.”

काकांच्या कपाळावर एकदम आठ्या पडल्या. बाई पट्टी घेऊन झेपावल्या.

“थांबा,” तपासनीस म्हणाले. “या उभ्या आहेत.”

खरंच उभ्या होत्या. दोन भुवयांच्या मध्ये, दोन. त्या रागाच्या आठ्या. त्यांना वरची हद्द नसते. बाईंनी पट्टी खाली केली आणि त्या औषधांच्या ट्रॉलीला टेकल्या. साडेचार वाजले होते. पाच वाजता दाद मागायची मुदत संपणार, सोमवारी तीन वाजता पहिला बाक. खिडकीपाशी. तुम्हाला उकडतं ना.

“काय शोधताय ते तरी सांगा,” काका म्हणाले. “डोकं माझं आहे.”

“डोकं आहे की नाही, तोच तर प्रश्न आहे!” बाई एकदम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला. “माफ करा. तसं नाही म्हणायचं मला.”

काकांनी मान जरा पुढे केली. चौतीस वर्षं ते खिडकीतून असेच पुढे झाले असणार. “शांतपणे सांगा. नेमकं काय हरवलंय?”

“कपाळाची हद्द.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून.”

“शेवटची कुठे पाहिली होती?”

“तुमच्याच डोक्यावर असणार. पण कधी होती ते तुम्हालाच माहीत.”

“वर्णन?”

“आडवी,” बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी सगळंच सांगितलं. दोन गट, तीन प्रश्न, तीसपैकी एक माफ, डावा अंगठा, धाकटी, पेन्सिलीने लिहिलेली जागा. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की हे इतकं सलग आजवर त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही. काका ऐकत होते. चेहरा खिडकी बंद झाल्यासारखाच.

“म्हणजे,” ते शेवटी म्हणाले, “डॉक्टरने काय केलं, त्याचा आकडा तुम्ही करता.”

“हो.”

“सगळ्याचा?”

“नाही, मी फक्त शिवलेल्या जखमांचा. भाजलेल्यांना दुसऱ्या बाई आहेत.”

“आणि हे साहेब?”

“मी केलेला आकडा बरोबर आहे की नाही ते बघतात.”

“आणि ह्यांनी बरोबर बघितलं की नाही?”

“त्याला मुख्य कचेरीत एक जण आहेत,” तपासनीस म्हणाले.

काकांनी एकदा बाईंकडे, एकदा तपासनीसांकडे पाहिलं. “आणि मी कपाटावर आपटलो, ते कपाळ का डोकं, यावर तुम्ही दोघं सोमवारपासून आहात.”

“तशी इतर कामंही असतात,” तपासनीस म्हणाले.

“एकूण किती जण आहात?”

“या इमारतीत अकरा,” बाई म्हणाल्या. “शिवाय वर्ग.”

“कसला वर्ग?”

“ज्यांचं हे चुकतं त्यांचा.”

काकांच्या भुवया वर गेल्या.

त्या एकदम गेल्या नाहीत. आधी डावी, अंदाज घेत; मग उजवी, तिची खात्री झाल्यावर. चौतीस वर्षं न उघडलेलं शटर वर जावं तशा त्या करकरत वर गेल्या आणि कपाळावर एकापाठोपाठ एक आठ्या पडत गेल्या, लख्ख आडव्या, या भुवईपासून त्या भुवईपर्यंत.

“अगं बाई गं!” काकू उठून उभ्या राहिल्या. “ह्यांना चार आहेत!”

“काका, हलू नका! तस्सेच राहा!” बाईंनी पट्टी टेकवली. वरून पहिली आठी, तिच्यापासून गुलाबी रेघेपर्यंत: चार मिलिमीटर. रेघ आठीच्या वर. स्वच्छ वर. “साहेब, चार! वर!”

तपासनीस आले, त्यांनी चष्मा पुसला, स्वतःच्या खिशातली पट्टी काढली, मोजलं, पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं. काकांच्या भुवया तेवढा वेळ वरच होत्या. त्या खाली आणण्यासारखं काही त्यांच्या कानावर आलंच नव्हतं.

“चार,” तपासनीस म्हणाले. अठरा वर्षांत त्यांनी माघार घेतली नव्हती, पण घेतली ती रीतसर घेतली. त्यांनी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही बाईंच्या पुढे धरली. “डोकं आहे, मॅडम.”

बाईंना तो शब्द इतका गोड कधी लागला नव्हता. सगळं जग जागच्या जागी आलं. डोकं डोक्याच्या जागी, कपाळ कपाळाच्या, आणि धाकटी वरच्या मजल्यावर. पाचला बारा मिनिटं होती. आता फक्त डॉक्टरची सही.

पडदा सरकला आणि डॉक्टर आत आला. कानातलं निघालं असावं, खुशीत होता. हातात स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये छोटी कात्री आणि चिमटा.

“झालं का तुमचं सर्वेक्षण? वा. चला काका, टाके काढून टाकू.”

त्याने दिवा खाली ओढला आणि वाकला. आणखी वाकला. चिमट्याचं टोक रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, मग परत आणलं.

“टाके कुणी काढले?”

“कुठले टाके?” काका म्हणाले.

“घातलेले.”

“घातले कधी? तुम्ही कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तीन. परवा अंघोळ करताना निघाल्या.”

“हां हां हां!” डॉक्टरचा चेहरा उजळला. “आठवलं! कडा इतक्या छान जुळल्या, म्हटलं उगाच कशाला टोचा. बरोबर. मस्त भरलीय. काका, तुम्ही आता यायची गरज नाही.” त्याने बाईंच्या हातातून कागद घेतला, ‘जागा: डोके. कागदी पट्ट्या लावल्या’ असं लिहून सही ठोकली आणि तो ट्रे घेऊन निघून गेला.

कागदी पट्टी चिकटवणं म्हणजे जखम शिवणं नव्हे, हे पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर आहे. सुई-दोरा, पिना, डिंक यांना शिवणं म्हणतात आणि त्यांचा कोड पडतो. नुसत्या पट्टीचा पडत नाही. ना चेहऱ्याच्या गटात, ना तळपायाच्या. बाईंनी केसपेपर पुन्हा वाचला. ‘कडा जुळवून बंद केली.’ टाके हा शब्द त्यात नव्हता. तो कधीच नव्हता. बाईंनी तो तिथे वाचला होता, आणि तपासनीसांनीही. पाऊण तास दोघं त्या जखमेपासून वीतभर अंतरावर उभे होते, दोघांनी तिच्यावर मोजपट्टी लावली होती, आणि टाके दिसत नाहीत हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण टाके कसे दिसतात हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

“सापडलं ना पण?” काकांनी टोपी घालत विचारलं. टोपी हद्दीच्या दोन बोटं खाली येऊन बसली.

“सापडलं,” बाई म्हणाल्या.

“मग झालं तर,” काका म्हणाले आणि बायकोचा हात धरून टेबलावरून उतरले.

बाईंचा कोड चूक धरला गेला. तपासनीसांनी सुचवलेलाही चूक होता, आणि मुख्य कचेरीतल्या माणसाने तो त्यांच्या खात्यावर धरला. तपासनीसांनाही पंच्याण्णवचाच नियम होता, आणि माफीची एक चूक त्यांनी आधीच वापरली होती.

सोमवारी तीन वाजता वर्ग सुरू झाला. धाकटीने हजेरी घेतली. दोघंही हजर होते.